ज्या संतानं पंजाबी सुबा मिळवून दिला, त्याच्याच शब्दावरचा लोकांचा विश्वास का उडाला?

तारीख २७ डिसेंबर १९६६. ठिकाण अमृतसर.

सुवर्ण मंदिराच्या आवारात, अकाल तख्तापाशी प्रचंड गर्दी जमली होती. दहा दिवसांपासून उपोषणाला बसलेले एक संत त्या दिवशी दुपारी चार वाजता स्वतःला जाळून घेणार होते. ही नुसती धमकी नव्हती. त्यासाठी अग्निकुंड बांधून तयार होतं. त्यांच्या काही साथीदारांनीही तीच शपथ घेतली होती.

चार वाजायच्या आधी लोकसभेचे अध्यक्ष सरदार हुकम सिंग अमृतसरला पोहोचले. पंतप्रधान इंदिरा गांधी स्वतः या वादात लवाद म्हणून निर्णय देतील, असा निरोप त्यांनी संतांना आणि जमलेल्या लोकांना दिला. उपोषण सुटलं. अग्निकुंड पेटलंच नाही.

संतांचा जीव वाचला, देशानं सुटकेचा निःश्वास टाकला. पण पुढच्या काही दिवसांतच सरकारकडून सांगण्यात आलं की असं कुठलंही ठोस आश्वासन दिलेलं नव्हतं. आणि पंजाबच्या गावागावांत एक प्रश्न विचारला जाऊ लागला. गुरूसमोर घेतलेल्या शपथेचं काय झालं?

या संतांचं नाव होतं संत फतेह सिंग. आज जो पंजाब नकाशावर दिसतो, तो मिळवण्यात त्यांचा वाटा फार मोठा आहे. तरीही शेवटच्या काळात त्यांच्याच माणसांचा त्यांच्यावरचा विश्वास पार आटला होता. असं का झालं, हे समजून घ्यायचं तर सुरुवात राजकारणापासून नाही, कीर्तनापासून करावी लागते.

गुरुद्वारे आणि शाळा बांधणारा प्रचारक

फतेह सिंग यांचा जन्म २७ ऑक्टोबर १९११ चा. गाव बदियाला, आजच्या बठिंडा जिल्ह्यातलं. घर शेतकऱ्याचं. शाळेचं शिक्षण जेमतेम. गुरमुखी शिकले, गुरबाणी पाठ केली आणि तरुण वयातच धर्मप्रचाराच्या वाटेला लागले.

त्यांचं काम उभं राहिलं ते राजस्थानातल्या गंगानगर भागात. तेव्हा हा भाग बिकानेर संस्थानात होता. कालव्याचं पाणी आल्यामुळं पंजाबातून शेतकरी तिकडं जाऊन स्थायिक झाले होते. नव्या मुलखात आलेल्या या लोकांना गुरुद्वारे हवे होते, मुलांसाठी शाळा हव्या होत्या. संत फतेह सिंग आणि त्यांचे सहकारी संत चन्नन सिंग यांनी बुढा जोहड इथं मोठा गुरुद्वारा उभा केला. गावोगाव कीर्तन, प्रवचन, लंगर आणि शाळा हाच त्यांचा दिनक्रम होता.

म्हणजे लोकांनी त्यांना संत म्हटलं ते काम बघून. बोलणं साधं, राहणी साधी, पैशाचा आरोप नाही. ही जी पुण्याई जमा झाली, तीच पुढं त्यांचं राजकीय भांडवल ठरली.

संत राजकारणात का उतरले?

शीख परंपरेत धर्म आणि राजकारण यांच्यात भिंत नाही. सहावे गुरू हरगोविंद यांनी दोन तलवारी धारण केल्या, एक मीरीची आणि एक पीरीची. मीरी म्हणजे ऐहिक सत्ता आणि पीरी म्हणजे आध्यात्मिक सत्ता. सुवर्ण मंदिरासमोरचं अकाल तख्त त्यांनीच उभारलं. शिखांची पाच तख्तं आहेत. त्यातलं एक आपल्या नांदेडला आहे. पण पंथाचे मोठे निर्णय होतात ते अमृतसरच्या अकाल तख्तावरून.

त्यामुळं एखाद्या प्रचारकानं मोर्चात उतरणं यात शिखांना वावगं वाटत नव्हतं.

मुद्दा होता पंजाबी सुब्याचा, म्हणजे पंजाबी भाषिकांच्या राज्याचा. स्वातंत्र्यानंतर भाषावार प्रांतरचनेची मागणी देशभर पेटली होती. डिसेंबर १९५२ मध्ये पोट्टी श्रीरामुलू यांचा उपोषणात मृत्यू झाला आणि तेलुगू भाषिकांना आंध्र मिळालं. १०५ हुतात्म्यांच्या बलिदानानंतर १ मे १९६० ला संयुक्त महाराष्ट्र झाला. पंजाबला मात्र नकार मिळत होता. राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ मध्ये ही मागणी फेटाळली.

कारण काय? दिल्लीला वाटायचं, ही मागणी भाषेची नाही, धर्माची आहे. पंजाबातल्या बऱ्याच हिंदूंनी जनगणनेत आपली मातृभाषा हिंदी नोंदवली होती. त्यामुळं पंजाबी सुबा म्हणजे शिखांचं राज्य, अशी भीती घातली जात होती. फाळणी होऊन जेमतेम काही वर्षं झाली होती, त्यामुळं ही भीती पटकन पसरायची.

तेव्हा अकाली दलाचे सर्वेसर्वा होते मास्टर तारा सिंग. रावळपिंडीकडचे, शहरी, तडफदार, अनेक वेळा तुरुंगात जाऊन आलेले. १९६० मध्ये त्यांना अटक झाली आणि मोर्चाची सूत्रं त्यांच्या विश्वासातल्या संत फतेह सिंग यांच्याकडं आली. हजारो लोक अटक करून घेत होते. आणि १८ डिसेंबर १९६० रोजी संतांनी आमरण उपोषण सुरू केलं.

पहिलं उपोषण आणि पहिली शिक्षा

इथं अरदास म्हणजे काय, हे समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढची गोष्ट कळणारच नाही.

अरदास म्हणजे शिखांची सामुदायिक प्रार्थना. गुरू ग्रंथ साहिबसमोर हात जोडून, उभं राहून ती केली जाते. मोठं काम हाती घेताना माणूस संगतीच्या साक्षीनं अरदास करतो आणि त्यात आपला निश्चय बोलून दाखवतो. एकदा अरदासमध्ये शब्द दिला की तो कार्यकर्त्यांना दिलेला शब्द राहत नाही. तो गुरूला दिलेला शब्द होतो. राजकीय पुढारी मागणी सोडून तडजोड करू शकतो. अरदास करून बसलेल्या माणसाला तडजोड करायची, तर गुरूला उत्तर द्यावं लागतं.

८ जानेवारी १९६१ ला पंतप्रधान नेहरूंनी भावनगरच्या काँग्रेस अधिवेशनात शिखांबद्दल सहानुभूतीची भाषा केली. नुकतेच सुटलेले मास्टर तारा सिंग त्यांना भेटले आणि त्यांच्या सांगण्यावरून संतांनी दुसऱ्या दिवशी उपोषण सोडलं. त्यानंतर नेहरू आणि संत यांच्या तीन भेटी झाल्या. हातात काहीच आलं नाही.

मग १५ ऑगस्ट १९६१ ला मास्टर तारा सिंग स्वतः आमरण उपोषणाला बसले. ४८ दिवसांनी, १ ऑक्टोबरला त्यांनीही ते सोडलं. पंजाबी सुबा नाहीच. मिळालं काय, तर शिखांच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक आयोग.

लोक भडकले. प्रकरण अकाल तख्तावर गेलं. पंज प्याऱ्यांनी, म्हणजे पंथाच्या वतीनं निवाडा देणाऱ्या पाच जणांनी, नोव्हेंबर १९६१ मध्ये मास्टरजींना अरदास मोडल्याबद्दल दोषी ठरवलं. त्यांना जास्तीचा पाठ करायला सांगितला आणि पाच दिवस संगतीचे जोडे साफ करायला आणि लंगरची भांडी घासायला लावली. ज्या माणसाच्या एका हाकेवर हजारो लोक तुरुंगात जात होते, तो माणूस जोडे पुसत बसला.

संत फतेह सिंग यांनाही सोडलं नाही. मास्टरजींच्या सांगण्यावरून का होईना, उपोषण त्यांनीही सोडलंच होतं. त्यांचा दोष कमी धरला गेला, पण भांडी घासण्याची सेवा त्यांच्याही वाट्याला आली.

म्हणजे अरदास मोडली की काय होतं, हे संतांनी १९६१ मध्येच जवळून पाहिलं होतं. गंमत अशी की या सगळ्यातून राजकीय फायदा त्यांचाच झाला. लोकांच्या नजरेतून मास्टरजी उतरले आणि संत वर आले.

भाषेचा मुद्दा भाषेचाच ठेवला

१९६२ मध्ये अकाली दल फुटला. एक गट मास्टरजींचा, एक संतांचा. त्याच वर्षी गुरुद्वारांचा कारभार पाहणारी शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती संतांच्या गटाकडं गेली आणि तिचे अध्यक्ष झाले त्यांचे जुने सहकारी संत चन्नन सिंग. १९६५ च्या समितीच्या निवडणुकीत तर संतांच्या गटानं मास्टरजींच्या गटाचा दणदणीत पराभव केला.

यामागं संतांची साधी प्रतिमा होती, तसंच बदललेला पंजाबही होता. मास्टरजींचा आधार शहरी आणि फाळणीत विस्थापित झालेल्या शिखांमध्ये होता. संत मालव्यातल्या शेतकऱ्यांचे होते, त्यांच्याच बोलीत बोलायचे. गावाकडचा जाट शेतकरी आता राजकारणात आपला वाटा मागू लागला होता.

पण संतांचं सगळ्यात मोठं काम वेगळंच होतं. त्यांनी पंजाबी सुब्याची मागणी धर्मापासून सोडवली. नव्या राज्यात शीख किती आणि हिंदू किती, याच्याशी आपल्याला घेणं नाही. पंजाबी बोलली जाते तो मुलूख पंजाब, एवढंच आपलं म्हणणं, अशी भूमिका त्यांनी सातत्यानं मांडली. हिंदू-शीख ऐक्यावर ते जाहीरपणे भर देत. मास्टरजी त्याच वेळी शिखांच्या स्वयंनिर्णयाच्या भाषेकडं वळले होते. दिल्लीला वाटाघाटीसाठी संत परवडणारे वाटू लागले ते यामुळंच.

१६ ऑगस्ट १९६५ ला संतांनी पुन्हा घोषणा केली. १० सप्टेंबरपासून १५ दिवस उपोषण आणि त्यातूनही जिवंत राहिलो तर २५ सप्टेंबरला आत्मदहन. पण सप्टेंबरच्या सुरुवातीला पाकिस्तानशी युद्ध पेटलं. आघाडी पंजाबातच होती. संतांनी ९ सप्टेंबरला आपला कार्यक्रम पुढं ढकलला आणि लोकांना सैन्याच्या पाठीशी उभं राहायला सांगितलं.

हे पुढं ढकलणं कुणालाच खटकलं नाही, कारण त्यात देशाचं हित दिसत होतं. युद्धात पंजाबी शेतकऱ्यांनी सैनिकांना जी साथ दिली, त्यानं दिल्लीतला अविश्वासही बराच कमी झाला. पंजाबी सुब्याचा विचार करायला मंत्रिमंडळाची एक समिती नेमली गेली. तिच्यात इंदिरा गांधी, महावीर त्यागी आणि यशवंतराव चव्हाण होते. भाषिक राज्याचा लढा जवळून पाहिलेले आणि त्या राज्याचे पहिले मुख्यमंत्री राहिलेले चव्हाण या समितीत होते, हे विशेष. संसदेची वेगळी समिती हुकम सिंग यांच्या अध्यक्षतेखाली होती.

९ मार्च १९६६ ला काँग्रेस कार्यकारिणीनं पंजाबी सुब्याला मान्यता दिली. १ नोव्हेंबर १९६६ ला नवा पंजाब आणि हरियाणा ही दोन राज्यं झाली आणि डोंगराळ भाग हिमाचल प्रदेशात गेला.

संत जिंकले होते. मग ते दीड महिन्यात पुन्हा उपोषणाला का बसले?

चंदीगडचा पेच

कारण राज्य अर्धवट मिळालं होतं. चंदीगड कुणालाच न देता केंद्रशासित केलं गेलं आणि दोन्ही राज्यांची राजधानी ठरवलं गेलं. भाक्रा धरणाचं नियंत्रण केंद्राकडं गेलं. काही पंजाबी भाषिक भाग बाहेर राहिल्याची तक्रार होती.

हे दुखणं मराठी माणसाला नव्यानं सांगायला नको. त्याच १९६६ मध्ये सेनापती बापट बेळगावसह सीमाभागासाठी उपोषणाला बसले होते आणि ऑक्टोबरमध्ये महाजन आयोग नेमला गेला होता. राज्य मिळालं तरी सीमेचं भांडण संपत नाही, हा अनुभव दोन्हीकडचा.

संतांनी १७ डिसेंबरला उपोषण सुरू केलं, २७ डिसेंबरला आत्मदहन जाहीर केलं आणि पुढं काय झालं ते सुरुवातीला आलंच आहे.

आता इथं थांबून दोन्ही बाजू पाहायला हव्यात. संतांनी मागं फिरणं राजकीयदृष्ट्या शहाणपणाचं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये, पंजाबी सुब्याच्या विरोधातल्या आंदोलनात, पानिपतला जमावानं तीन माणसांना जिवंत जाळलं होतं. वातावरण असं असताना अकाल तख्तापाशी एक संत जळून गेला असता तर त्यानंतर पंजाबात आणि हरियाणात काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. शिवाय शीख गुरूंनी शरीराला क्लेश देणाऱ्या व्रतांना कधीच उत्तेजन दिलं नाही, त्यामुळं उपोषण आणि आत्मदहन हे मार्गच मुळात आपल्या धर्मात बसत नाहीत, असं म्हणणारेही अनेक शीख होते.

पण मग शपथ घेतलीच कशाला, हा साध्या शेतकऱ्याचा प्रश्न होता. जीव देण्याचा निश्चय गुरूसमोर बोलून दाखवायचा आणि नंतर तो दिल्लीशी सौदा करायला वापरायचा, हे त्याला पटत नव्हतं. पुढाऱ्यानं असं केलं असतं तर लोक हसून सोडून देतात. संतानं केलं म्हणून ते जिव्हारी लागलं.

ज्यानं अरदास शेवटपर्यंत पाळली

१९६७ च्या निवडणुकीनंतर अकालींच्या नेतृत्वाखाली गुरनाम सिंग यांचं आघाडी सरकार आलं. पंजाबात पहिल्यांदाच अकाली मुख्यमंत्री झाला. संत स्वतः कुठल्याही पदावर बसले नाहीत, पण सरकारची दोरी त्यांच्या हातात आहे असं सगळेच मानायचे. आणि मग संतांच्या दारी राजकारणाच्या रोजच्या भानगडी येऊ लागल्या. काही महिन्यांतच लछमन सिंग गिल फुटले आणि काँग्रेसच्या पाठिंब्यावर मुख्यमंत्री झाले. १९६९ मध्ये अकाली पुन्हा सत्तेत आले. चंदीगड मात्र होतं तिथंच होतं.

अशा वेळी एक म्हातारा पुढं आला. दर्शन सिंग फेरूमान. वयाची ऐंशी उलटलेली. गुरुद्वारा सुधारणेच्या आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेले, राज्यसभेचे माजी सदस्य. त्यांनी १५ ऑगस्ट १९६९ पासून चंदीगड आणि उरलेल्या पंजाबी भागांसाठी आमरण उपोषण सुरू केलं. त्यांचा रोख दिल्लीवर होताच, पण तेवढाच आपल्या पुढाऱ्यांवरही होता. अरदास करून मोडणाऱ्यांनी पंथाला जो कलंक लावला तो आपण धुऊन काढणार, अशी त्यांची भूमिका होती.

त्यांना आधीच अटक झाली होती. सरकार अकालींचंच होतं. समजूत घालणारे आले आणि गेले. फेरूमान हलले नाहीत. ७४ व्या दिवशी, २७ ऑक्टोबर १९६९ ला त्यांचा मृत्यू झाला.

फेरूमान यांच्या मृत्यूनंतर संत फतेह सिंग यांच्याकडं लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागले. आता तुलना करायला एक माणूस समोर होता, आणि तो मेलेला होता.

संतांनी २६ जानेवारी १९७० ला पुन्हा उपोषण सुरू केलं आणि १ फेब्रुवारीला आत्मदहन करण्याचं जाहीर केलं. २९ जानेवारीला इंदिरा गांधींनी निर्णय दिला. चंदीगड पंजाबला, त्या बदल्यात अबोहर आणि फाजिल्का हा कापूस पिकवणारा सुपीक पट्टा हरियाणाला, आणि नवी राजधानी बांधायला हरियाणाला पैसे. दुसऱ्या दिवशी उपोषण सुटलं.

पुन्हा तोच अनुभव. चंदीगड कागदावर मिळालं, पण त्यासाठी जमीन द्यावी लागणार होती. आणि हा निर्णय अंमलात कधी आलाच नाही.

शेवट

यानंतरची घसरण वेगानं झाली. राज्यसभेच्या उमेदवारीवरून मुख्यमंत्री गुरनाम सिंग आणि संत यांचं फाटलं. मार्च १९७० मध्ये गुरनाम सिंग यांचं सरकार कोसळलं आणि प्रकाशसिंग बादल पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत पंजाबातल्या १३ पैकी फक्त एक जागा अकालींना मिळाली. १९७२ च्या विधानसभेतही काँग्रेसनं त्यांना झोपवलं.

त्याच मार्च महिन्यात संतांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. ३० ऑक्टोबर १९७२ ला अमृतसरमध्ये त्यांचं निधन झालं. वय होतं ६१.

त्यांच्याबद्दल निकाल देणं सोपं नाही. मास्टर तारा सिंग यांना जे जमलं नाही ते त्यांनी करून दाखवलं. भाषेचा प्रश्न धर्माच्या आगीतून बाहेर काढला, देश युद्धात असताना मागं सरकले, स्वतःसाठी खुर्ची मागितली नाही. एखाद्या राजकीय नेत्याच्या खात्यावर एवढं जमा असतं तर त्याला यशस्वी म्हटलं गेलं असतं.

पण लोकांनी त्यांना नेता म्हणून स्वीकारलंच नव्हतं. त्यांनी त्यांना संत म्हणून स्वीकारलं होतं, आणि संताचा शब्द हीच त्याची ताकद असते. राजकारण तडजोडीवर चालतं. चार मागायचे, दोन घ्यायचे आणि उरलेल्या दोनसाठी पुन्हा बसायचं. अरदास अशी चालत नाही. संत फतेह सिंग यांनी अरदासचं वजन वाटाघाटीच्या टेबलावर ठेवलं. पहिल्यांदा ते फार मोठं भरलं. प्रत्येक वेळी मागं घेतल्यावर ते थोडं कमी भरत गेलं.

पुढं १९८५ मध्ये आणखी एका संतानं, हरचंद सिंग लोंगोवाल यांनी, राजीव गांधींबरोबर करार केला. चंदीगड २६ जानेवारी १९८६ ला पंजाबला मिळणार, असं त्यात लिहिलं होतं. करारानंतर महिन्याभरात लोंगोवाल यांची हत्या झाली. ठरलेल्या तारखेला चंदीगडही मिळालं नाही. म्हणजे शब्द फक्त संतांकडूनच मोडला जात होता असं नाही. दिल्लीनं दिलेले शब्दही मोडले. फरक एवढाच, की दिल्लीला त्याबद्दल कुणी लंगरची भांडी घासायला लावली नाहीत.

चंदीगड आजही केंद्रशासित आहे आणि आजही दोन राज्यांची राजधानी आहे.